‘पुनर्मूल्यांकन’ : एका समीक्षासंज्ञेचा अर्थ आणि व्यवहार

मराठी समीक्षाव्यवहारात ‘पुनर्मूल्यांकन’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, तिचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. जन्मशताब्दीच्या निमित्ताने भरणारी चर्चासत्रे, गौरवग्रंथ, नियतकालिकांचे विशेषांक, पीएच.डी.चे प्रबंध या सर्व ठिकाणी लेखकाच्या किंवा ग्रंथाच्या नावापुढे ‘एक पुनर्मूल्यांकन’ हे उपशीर्षक जोडण्याची प्रथा पडली आहे. असे लेखन वाचून झाल्यावर मात्र त्या लेखकाविषयीचा पूर्वीचा कोणता निर्णय तपासला गेला, तो कोणी दिला होता, आणि तो कायम राहिला की बदलला, हे पुष्कळदा सांगता येत नाही. लेखकाचा परिचय नव्याने झालेला असतो, त्याच्या गुणांची उजळणी झालेली असते. मूल्यांकन क्वचित झालेले असते आणि ‘पुनर्’ या उपपदाचा अर्थ तर बहुधा वाऱ्यावर सोडलेला असतो. संज्ञा सैल झाली की तिने निर्देशित केलेली कृतीही सैल होते. म्हणून या संज्ञेची फोड करणे हे कोशकाराचे काम आहे तसेच समीक्षकाचेही आहे.

१

‘पुनर्मूल्यांकन’ या सामासिक शब्दात ‘पुनर्’, ‘मूल्य’ आणि ‘अंकन’ असे तीन घटक आहेत. त्यांतील ‘मूल्य’ हा शब्द बाजारातून आलेला आहे. व्याकरणपरंपरा तो ‘मूल’ या शब्दापासून व्युत्पन्न करते आणि या संदर्भात ‘मूल’ म्हणजे व्यापारात गुंतवलेले मुद्दल होय. मराठीत याच शब्दाचे ‘मोल’ हे तद्भव रूप आणि अरबी वळणाचा ‘किंमत’ हा शब्द शेजारी नांदतात. मोलमजुरीतील ‘मोल’ आणि अनमोल या शब्दातील ‘मोल’ यांच्यामधील अंतर पाहिले, तर व्यवहारातील दर आणि जे दरात बसत नाही ते, असे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात सांभाळले असल्याचे दिसते. साहित्यमूल्याच्या चर्चेतील पुष्कळ गोंधळ या दुहेरी वारशातून आला आहे.

‘अंकन’ आणि ‘मापन’ यांतील भेदही दुर्लक्षिला जातो. मराठी समीक्षेत ‘मूल्यमापन’ हा शब्द प्रतिष्ठित आहे. ‘मूल्यांकन’ हा त्याचा पर्याय म्हणून सर्रास वापरला जातो. परंतु मापन करावयाचे तर माप हवे. म्हणजे ज्याने मोजावयाचे ते साधन वस्तूच्या बाहेर, आधीपासून आणि इतरांनाही उपलब्ध असावे लागते. अंकन म्हणजे खूण उमटवणे. खूण उमटवणाऱ्याला मापाचा हिशेब देणे अनिवार्य नसते. ‘पुनर्मूल्यमापन’ या शब्दाऐवजी ‘पुनर्मूल्यांकन’ अधिक रूढ होणे हा केवळ उच्चारसुलभतेचा परिणाम असेलही. पण त्याबरोबर मापाविषयीचा प्रश्न शब्दातून गळून पडला, ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही.

तिसरा घटक ‘पुनर्’. या घटकाचा मराठी व्यवहार विशेष उद्बोधक आहे. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवांच्या विवाहाला मान्यता दिली, आणि त्याच्या आगेमागे ‘पुनर्विवाह’ हा शब्द महाराष्ट्रातील वादाच्या केंद्रस्थानी आला. हा शब्द प्राधान्याने स्त्रीच्या संदर्भात योजला गेला. पत्नी वारल्यावर पुन्हा बोहल्यावर चढणारा पुरुष ‘बिजवर’ म्हणवला गेला. त्याच्या लग्नाला ‘पुनर्विवाह’ म्हणून वादविषय करण्याची गरज कोणाला भासली नाही. तसेच ज्या जातींमध्ये विधवेच्या लग्नाची रीत होतीच, तेथे त्या लग्नाला ‘पाट’ असे स्वतंत्र नाव होते. जेथे पहिली गोष्ट अंतिम व अपरिवर्तनीय मानली गेली होती, तेथेच ‘पुनर्’ हे उपपद वादाचे आणि म्हणून अर्थाचे झाले, असा याचा अर्थ होतो. ‘पुनर्’ म्हणजे नुसते ‘आणखी एकदा’ नव्हे. बंद झालेले मानले गेलेले प्रकरण उघडणे, हा त्याचा सामर्थ्यशाली अर्थ होय. साहित्यविचारातील ‘पुनःप्रत्यय’ या संज्ञेत ‘पुनः’ पहिल्या अनुभवाची ओळख पटवते. ‘पुनर्मूल्यांकना’तील ‘पुनर्’ पहिल्या निर्णयाला जाब विचारते. दोहोंतील हा फरक विसरला की पुनर्मूल्यांकनाचे रूपांतर पुनःप्रत्ययात, म्हणजे स्मरणरंजनात, होते.

२

साहित्याबाहेर या शब्दाचा जो दैनंदिन वापर आहे, तो समीक्षेतील वापरापेक्षा अधिक काटेकोर आहे. परीक्षाविभागात ‘गुणपडताळणी’ आणि ‘पुनर्मूल्यांकन’ ही दोन भिन्न प्रकरणे मानली जातात. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे की नाही, एखादे उत्तर तपासावयाचे राहिले आहे काय, एवढेच पाहिले जाते. परीक्षकाच्या निर्णयाला हात लावला जात नाही. पुनर्मूल्यांकनात उत्तरपत्रिका पुन्हा वाचली जाते. दोहोंसाठी पहिले गुण नोंदलेले असणे ही पूर्वअट आहे. साहित्यसमीक्षेत ज्याला पुनर्मूल्यांकन म्हटले जाते त्यातील मोठा भाग वस्तुतः गुणपडताळणीचा असतो : एखादी दुर्लक्षित कविता निदर्शनास आणून देणे, एखाद्या ग्रंथाची प्रकाशनतिथी दुरुस्त करणे, पूर्वीच्या यादीत राहिलेले नाव तीत घालणे. हे काम मोलाचे आहे, त्यावाचून इतिहास उभा राहत नाही. मात्र त्याने निर्णय बदललेला नसतो. शिवाय परीक्षेतील पुनर्मूल्यांकनात ‘बदल नाही’ हाही एक मान्य निकाल असतो. समीक्षेतील पुनर्मूल्यांकन मात्र जवळजवळ नेहमीच गुण वाढवून देते. ज्या तपासणीचा निकाल आधीच ठरलेला असतो तिला तपासणी म्हणणे कठीण आहे.

न्यायव्यवहारातील परिभाषाही येथे उपयोगी पडते. ‘अपील’ वरिष्ठ न्यायालयात होते. ‘पुनर्विलोकन’ मात्र ज्या न्यायालयाने निर्णय दिला त्याच्याचपुढे होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार त्यासाठी कारण दाखवावे लागते : पूर्वी योग्य दक्षता घेऊनही हाती न आलेला पुरावा, अभिलेखावर उघड दिसणारी चूक, किंवा तशाच स्वरूपाचे पुरेसे कारण. साहित्याच्या क्षेत्रात वरिष्ठ न्यायालय नाही. पुढची पिढी ही आधीच्या पिढीहून उच्च दर्जाची नसते. ती केवळ नंतर बसलेली असते. म्हणून साहित्यातील पुनर्मूल्यांकन हे अपिलापेक्षा पुनर्विलोकनाच्या जवळचे आहे, आणि कारण दाखवण्याची जबाबदारी त्यालाही टाळता येत नाही. केवळ काळ लोटला, हे ते कारण होऊ शकत नाही.

३

आधुनिक समीक्षेत या संकल्पनेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत एफ. आर. लीव्हिस यांचे स्थान महत्त्वाचे आहे. इंग्रजी कवितेच्या परंपरेची फेरमांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘रीव्हॅल्युएशन’ हेच त्याचे शीर्षक होते. मिल्टन आणि शेली यांच्या प्रस्थापित स्थानाला धक्का देताना लीव्हिस यांनी पूर्वीचे निर्णय समोर ठेवले आणि प्रत्यक्ष ओळींच्या वाचनातून त्यांचा प्रतिवाद केला. निकष मात्र त्यांनी सूत्ररूपाने मांडले नाहीत. १९३७ मध्ये रेने वेलेक यांनी ‘स्क्रूटिनी’तून नेमकी हीच मागणी केली : ज्या गृहीतकांवर हे निर्णय उभे आहेत ती उघड करावीत. तत्त्वज्ञाचे काम आणि समीक्षकाचे काम भिन्न आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन लीव्हिस यांनी ती नाकारली. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. निकष आधी ठरवून कलाकृतीवर लादला तर वाचन मरते, ही लीव्हिस यांची भीती रास्त होती. परंतु पहिल्या वाचनात निकष अव्यक्त राहिला तर चालते, पुनर्मूल्यांकनात तो अव्यक्त ठेवता येत नाही. कारण तेथे मतभेद कृतीविषयी आहे की मापाविषयी, हे कळल्याखेरीज वाद पुढे सरकत नाही.

टी. एस. एलियट यांचे उदाहरण याहून स्वच्छ आहे. १९३६ मध्ये त्यांनी मिल्टनच्या पद्यशैलीवर गंभीर आक्षेप नोंदवले. १९४७ मधील व्याख्यानात त्याच आक्षेपांना पुन्हा हात घातला आणि ते बरेचसे सौम्य केले. मधल्या काळात ‘पॅराडाइज लॉस्ट’मधील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती काव्यनिर्मितीची परिस्थिती : मिल्टनच्या प्रभावातून सुटणे ही ज्या कवींची गरज होती त्यांचे काम आता झाले होते. आपला पूर्वीचा निर्णय एका विशिष्ट गरजेतून घडला होता, ही कबुली या फेरविचारात आहे. निर्णय देणारा आणि तपासणारा एकच असल्यामुळे ‘पुनर्विलोकना’चा अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो.

नीत्शे यांची ‘सर्व मूल्यांचे मूल्यांतर’ ही संकल्पना मात्र वेगळ्या पातळीवरची आहे. एकाच मापाने पुन्हा मोजणे तेथे अभिप्रेत नाही. ते माप कोणी, कोणाच्या हितासाठी घडवले, हा तिथला प्रश्न आहे. मराठीत ‘पुनर्मूल्यांकन’ या एकाच शब्दाने कृतीची फेरतपासणी आणि मापाची फेरतपासणी, या दोन्ही गोष्टी निर्देशित होतात. त्या वेगळ्या ओळखल्या नाहीत की काय घडते, हे मराठीतील काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

४

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाले’तून (१८७४–१८८१) जोतीराव फुले यांच्या लेखनावर, विशेषतः त्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर, कठोर टीका केली. हा मराठीतील एक पहिला, नोंदलेला आणि दीर्घकाळ प्रभावी ठरलेला निर्णय होय. १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ प्रसिद्ध झाल्यानंतर त्याच्या फेरतपासणीला मजबूत आधार मिळाला. ही फेरतपासणी दोन मार्गांनी होऊ शकते. फुले यांच्या विचारांची थोरवी एवढी आहे की भाषेतील दोष क्षम्य ठरावेत, हा पहिला मार्ग. वरकरणी तो गौरवाचा वाटतो. परंतु त्यात भाषा सदोष असल्याचा चिपळूणकरांचा निर्णय जसाच्या तसा कायम राहतो, फक्त शिक्षा माफ होते. दुसरा मार्ग मापालाच प्रश्न विचारणारा आहे : ज्या प्रमाणभाषेच्या आधारे दोष मोजले गेले तीच गद्याची एकमेव कसोटी का मानावी? शेतकऱ्याच्या बोलीची लय, उपरोधाची धार, तपशिलांची रास रचत आरोपपत्र उभे करण्याची पद्धती या गोष्टी वाङ्मयीन गुण का ठरू नयेत? यांपैकी दुसऱ्या मार्गालाच पुनर्मूल्यांकन म्हणता येईल. पहिला मार्ग म्हणजे आदराच्या भाषेत लिहिलेली पूर्वनिर्णयाची पुष्टी होय.

येथे कालक्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. चिपळूणकर १८८२ मध्ये निवर्तले. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. म्हणजे फुले यांचे जे गद्य आज विशेषत्वाने चर्चिले जाते त्यावर चिपळूणकरांनी निर्णय दिलेलाच नाही. पूर्वीच्या ग्रंथांवरील निर्णयाची छाया नंतरच्या ग्रंथावर पडली, आणि त्या छायेलाच मूल्यांकन समजले गेले. पुनर्मूल्यांकनाचे पहिले काम पूर्वनिर्णयाचा खरा विस्तार किती होता हे मोजण्याचे असते, ते यासाठी.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे आहे. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण करणारी आणि नायिकेच्या धर्मांतराशी पोहोचणारी ही कृती धर्मप्रचाराचे साधन म्हणून बाजूला ठेवली जाण्याची शक्यता उघड होती, आणि तशी ती ठेवलीही गेली. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या विवेचनात ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्यांना तीन प्रवृत्तींच्या उगमस्थानी ठेवले, आणि वास्तवाशी भिडणारी प्रवृत्ती ‘यमुनापर्यटन’पासून मोजली. हे विवेचन ‘टीकास्वयंवर’ (१९९०) या ग्रंथात वाचावयास मिळते. माप येथे उघडपणे बदलले आहे, ही त्याची जमेची बाजू. तथापि या मांडणीचा जो वापर पुढे केला जातो त्यात एक घसरण संभवते. एखादी कृती प्रवृत्तीच्या उगमस्थानी असणे हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय. त्यावरून तिचे वाङ्मयीन मूल्य आपोआप सिद्ध होत नाही. यमुनेच्या प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकीकती एकमेकींशी कशा सांधल्या आहेत, संवादांत माणसे बोलतात की मते, शेवट कथानकातून निष्पन्न होतो की श्रद्धेतून, हे प्रश्न ‘पहिली कादंबरी’ हा मान दिल्याने सुटत नाहीत. मान देणे हे पुष्कळदा वाचणे टाळण्याचे सभ्य साधन ठरते.

तिसऱ्या प्रकारात ‘पुनर्’ या घटकाचीच कसोटी लागते. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याच्या निमित्ताने स्त्रियांवर झालेल्या दोषारोपांना ते उत्तर होते. पुढे तो विस्मृतीत गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे १८५५ मधील नाटक तर १९७९ मध्ये प्रथम छापले गेले. या कृतींवर आज जे लिहिले जाते त्याला पुनर्मूल्यांकन म्हणावे काय? नाटकाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे : जे वाचकांपुढे आलेच नव्हते त्याचे मूल्यांकन प्रथमच होत आहे. ‘पुनर्’ हा शब्द येथे नकळत असे सुचवतो की पूर्वी कोणीतरी ही कृती पाहून तिला कमी लेखले होते. न झालेली तपासणी त्यामुळे झालेली ठरते, आणि तिच्या अभावाची कारणे शोधण्याची गरज उरत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की मौन हाही निर्णयच असतो. उल्लेख न करणे ही मूल्यांकनाची सर्वांत परिणामकारक रीत आहे. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु मौनाला निर्णय मानावयाचे तर ते कोणाचे मौन होते, हे सांगावे लागेल. फुले यांनी १८८५ मधील ‘सत्सार’मध्ये ताराबाईंच्या ग्रंथाची दखल घेतली होती आणि त्यांची बाजू उचलून धरली होती. म्हणजे ‘स्त्री-पुरुष तुलने’चे पहिले मूल्यांकन तीन वर्षांच्या आत झालेले होते, ते अनुकूल होते, आणि ते मराठी वाङ्मयेतिहासाने मूल्यांकन म्हणून मोजले नाही. १९७५ नंतरच्या अभ्यासाला सरसकट ‘पुनर्मूल्यांकन’ म्हणताना जर पहिले मूल्यांकन म्हणून केवळ प्रतिष्ठित वर्तुळाचे मौनच गृहीत धरले, तर ज्या व्यवस्थेविरुद्ध हा अभ्यास उभा राहू पाहतो तिचीच नोंदवही तो प्रमाण मानतो. ‘पुनर्’ म्हणताना ‘प्रथम’ कोणाचे मानले, हा प्रश्न म्हणून केवळ तांत्रिक राहत नाही.

याच संदर्भात १९६९ ते १९७९ या दशकाकडे पाहावे. समग्र फुले, ताराबाईंचा निबंध आणि ‘तृतीय रत्न’ या तिन्ही गोष्टी या दहा वर्षांत उपलब्ध झाल्या. त्यांपैकी दोहोंमागे एकाच संपादकाचे परिश्रम होते. निर्णय बदलण्यापूर्वी अभिलेख बदलावा लागतो. संहितासंपादनाला दुय्यम लेखून पुनर्मूल्यांकनाची भाषा बोलणारी समीक्षा आपला आधारच नाकारत असते. त्याच काळात दलित साहित्याने निर्माण केलेल्या प्रश्नांनी दुसरी बाजू पुढे आणली. शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी ‘मानुषता’ या मूल्याच्या आधारे साहित्यमूल्याची मांडणी केली; शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथाने प्रस्थापित निकषांची दलित साहित्याला लागू होण्याची पात्रताच तपासली. येथे कृती नव्या होत्या, त्यामुळे त्यांचे ‘पुनर्’ मूल्यांकन संभवत नव्हते. पुनर्मूल्यांकन झाले ते मापाचे.

५

प्रत्येक पिढीने मापे बदलावयाची ठरवली तर मूल्याला स्थैर्य उरणार नाही, आणि सर्व निर्णय सारखेच तात्पुरते ठरतील, अशी शंका या विवेचनावर घेता येईल. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना या ठिकाणी मार्ग दाखवते. कृती प्रथम ज्या अपेक्षांच्या क्षितिजावर अवतरली ते क्षितिज पुन्हा उभे केल्याखेरीज तिच्यावरील पहिला निर्णय समजत नाही. चिपळूणकरांच्या कठोरपणामागे इंग्रजी गद्याच्या तोडीचे मराठी गद्य घडवण्याची आकांक्षा होती, आणि त्या आकांक्षेत विशिष्ट वर्गाची भाषा हीच भाषा, असे गृहीतकही होते. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर त्यांचा निर्णय समजतो. समजला म्हणजे तो मान्य झाला असे नव्हे. उलटपक्षी, पूर्वीच्या परीक्षकाला केवळ पूर्वग्रहदूषित ठरवून जे पुनर्मूल्यांकन पुढे जाते, ते स्वतःच्या क्षितिजाला अंतिम मानण्याची तीच चूक करते. कारणे नोंदवलेला निर्णय तात्पुरता असला तरी स्वैर नसतो. पुढच्या वाचकाला त्याच्याशी वाद घालता येतो, आणि मूल्याला जे स्थैर्य लाभते ते अशा वादांच्या सातत्यातून.

या सर्व विवेचनातून ‘पुनर्मूल्यांकन’ या संज्ञेच्या वापरासाठी काही किमान अपेक्षा निष्पन्न होतात. पूर्वीचा निर्णय कोणता, कोणाचा आणि कोणत्या कृतींपुरता होता हे नमूद झाले पाहिजे. आता काय नवे आहे — संहिता, पुरावा, की माप — हे स्पष्ट झाले पाहिजे. माप बदलले असेल तर ते केवळ निवडलेल्या कृतीलाच नव्हे, तिच्या शेजारच्या कृतींनाही लावून दाखवले पाहिजे. फुले यांच्या गद्यासाठी शोधलेली कसोटी खुद्द चिपळूणकरांच्या गद्याला लावली असता काय हाती येते, हेही पाहिले पाहिजे. आणि निर्णय कायम राहण्याची किंवा प्रतिकूल होण्याची शक्यता शेवटपर्यंत खुली असली पाहिजे. ज्या लेखनात यांपैकी काही नाही त्याला परिचय, स्मरण, संपादन, गौरव अशी नावे मराठीत उपलब्ध आहेत आणि ती कमी प्रतीची नाहीत. पहिलेच मूल्यांकन होत असेल तर त्याला ‘मूल्यांकन’ म्हणावे, आणि इतका काळ ते का झाले नाही याची चौकशी त्याच लेखनात करावी. प्रबंधाच्या मुखपृष्ठावरील एक उपशीर्षक वगळल्याने अभ्यासकाचे काही बिघडत नाही. परंतु ते ठेवले, तर मुखपृष्ठ उलटल्यावर पहिल्या निर्णयाची संहिता वाचकाच्या हाती देणे त्याला भाग आहे.